पेंड कुठे गेली?

चाळीसगावजवळच्या पाटणे इथे, पाटणादेवीच्या परिसरात, शके ११२८ म्हणजे इसवी सन १२०६च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. त्या मठाला मिळालेल्या देणग्यांची नोंद लेखात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला, तेव्हापासून त्याची चर्चा मुख्यतः गणिताच्या इतिहासासाठी होते. ते योग्यच आहे. पण संस्कृत मजकूर संपल्यावर जो जुन्या मराठीतला भाग येतो, त्याकडे सहसा भाषेचे अभ्यासकच वळतात. बाजारात येणाऱ्या मालावर मठाचा हक्क किती, गिऱ्हाइकाने काय द्यायचे, याची ती साधी यादी आहे. तिच्यात तेलही आहे: गावात जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे मठाला एकेक पळी तेल. 'लीलावती' आणि 'सिद्धान्तशिरोमणी' जिथे शिकवायचे, त्या मठाच्या दिव्याची तजवीज गावच्या तेल्यांवर होती. राजाने जमीन दिली तर ती कागदावर किंवा ताम्रपटावर दिसते. पळीभर तेल मात्र ज्याच्याकडे घाणा, बैल आणि गळिताचे धान्य तिन्ही आहे, त्यालाच देता येते. शिवाय 'जितके घाणे' अशी भाषा आहे, म्हणजे पाटण्यात ते एकाहून अधिक होते आणि त्यांची संख्या पुढे कमी-जास्त होईल, हे गावाने धरलेले होते.

याच्या हजारएक वर्षे आधी तेल्यांची पत याहून मोठी दिसते. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने त्रिरश्मी डोंगरावरच्या विहारातल्या आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी कायम ठेव ठेवली. ही रक्कम तिने गोवर्धन इथल्या कारागिरांच्या श्रेणींकडे वाटून दिली, आणि त्या श्रेणींमध्ये तिलपिषक, म्हणजे तीळ गाळणारे आहेत. मुद्दल श्रेणीकडे राहायचे आणि व्याजातून औषधे यायची. उत्तरेत स्कंदगुप्ताच्या काळातल्या, इसवी सन ४६५-६६च्या इंदोर ताम्रपटात (बुलंदशहर जिल्ह्यातले इंदोर, माळव्यातले नव्हे) सूर्यमंदिराच्या दिव्यासाठी देवविष्णू नावाच्या ब्राह्मणाने तेल्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. श्रेणीने रोज ठरलेले तेल द्यायचे, गाव सोडून दुसरीकडे वस्ती केली तरी द्यायचे, असा करार आहे. ज्याच्यावर असा भरवसा टाकायचा, त्याच्या हाताशी भांडवल आणि साठा दोन्ही असल्याशिवाय तो टाकता येत नाही. पुढे तेल्याचे जे झाले, ते कळायला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. गिरणीचे यंत्र आले, घाणा त्याच्यापुढे टिकला नाही, बैल थकला, अशी सोपी कथा आपण ऐकत आलो आहोत. पुरावा नीट लावला तर क्रम वेगळा निघतो. यंत्राशी गाठ पडण्याच्या पुष्कळ आधी तेल्याच्या हातून बी गेले होते आणि त्याच्याबरोबर गावाच्या हातून पेंड.

घाणा म्हणजे काय, हे एकदा जवळून पाहायला हवे, कारण आता पुष्कळांना तो फक्त वाक्प्रचारातला माहीत असतो. किल्ल्यांवर गोल चर आणि त्यात फिरणारे दगडी चाक दिसते, त्याला वाटाडे घाणाच म्हणतात. पण तो चुन्याचा घाणा. तेलाचा घाणा म्हणजे जमिनीत पक्के पुरलेले मोठे उखळ, कुठे लाकडी तर कुठे दगडी. त्याच्या पोटात तिरकी टेकलेली जाड लाट असते. लाटेचा वरचा शेंडा एका आडव्या लाकडाशी जोडलेला असतो, आणि त्या लाकडावर दगडांचे वजन ठेवतात किंवा हाकणारा स्वतः बसतो. डोळ्यांवर झापड बांधलेला बैल फिरू लागला की लाट उखळाच्या कडेशी घासत फिरते आणि बी भरडले जाऊन दाबले जाते. मधेच थोडे पाणी शिंपडावे लागते. पाण्याने भरड एकजीव होते, तिचा घट्ट थर उखळाच्या कडेला बसतो आणि तेल सुटते. हे पाणी किती आणि कधी, यातच तेल्याचे कसब. कमी पडले तर तेल सुटत नाही, जास्त झाले तर तेल गढूळ होते आणि लवकर खवट होते. दहा-बारा किलोंच्या एका घाण्याला दीड-दोन तास लागतात. तेल कुठे बुडाच्या भोकातून खालच्या भांड्यात उतरते, तर कुठे फडक्याने टिपून पिळून घ्यावे लागते. मध्य प्रांताच्या जातिवृत्तांत तेल्यांच्या पोटजाती एकबैले आणि दोनबैले अशा नोंदलेल्या आहेत, म्हणजे घाण्याला किती बैल जुंपायचे यावर सोयरीक ठरत होती. तेल निघून गेल्यावर उखळाच्या कडेला जो कडक थर उरतो, तो पहारीने खरवडून काढायचा. तीच पेंड. विदर्भात तिला ढेप म्हणतात.

पेंडेला उरलासुरला भाग समजणे ही शहरी नजर आहे. शेतकऱ्याने तीळ, करडई, जवस किंवा कारळे आणून द्यायचे, तेल्याने गाळून तेल परत करायचे आणि मजुरी म्हणून कुठे पेंड, कुठे तेलाचा वाटा, कुठे धान्य ठेवून घ्यायचे. रीत गावागणिक वेगळी होती. पण पेंड बहुतेक गावातच राहायची. ती दुभत्या जनावराला जायची, नांगराच्या बैलाला जायची, खुद्द घाण्याच्या बैलाला जायची, आणि करंज किंवा एरंडाची असली तर उसाच्या किंवा बागाईताच्या मुळाशी. या फेऱ्यामागे पक्के रसायनशास्त्र आहे. तेल कार्बन, हायड्रोजन आणि प्राणवायू या तिघांचेच बनलेले असते. झाड ते हवेतून आणि पाण्यातून घेते. नत्र, स्फुरद, पालाश यांतले जे काही पिकाने जमिनीतून उचलले, ते बियातच असते आणि तेल काढल्यावर जवळपास सगळे पेंडेत उतरते. भुईमुगाच्या पेंडेत सुमारे ७ टक्के नत्र असते. म्हणून गावाने तेल विकले तर रान जवळजवळ काही गमावत नाही. बी विकले तर रानाचा कस पोत्यात भरून जातो. दिव्याचे तेल देवळाला, मठाला, शहराला वर्षानुवर्षे देत राहूनही गाव त्यापायी भिकेला लागत नव्हते, त्याचे कारण हे आहे.

ही व्यवस्था सुखाची होती, असे मात्र कोणी समजू नये. मनुस्मृतीने तेलाच्या घाण्याला दहा कत्तलखान्यांच्या पापाच्या बरोबरीचे ठरवले आहे. सकाळी तेल्याचे तोंड दिसले तर अपशकुन, हा समज महाराष्ट्रात अगदी अलीकडेपर्यंत होता. त्याचे तेल देवाला चालायचे, लग्नात तेलवणाला चालायचे, दिवाळीच्या अभ्यंगाला चालायचे, शनिवारी मारुतीवर घालायला चालायचे. तो मात्र पंगतीत चालायचा नाही. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते चाकणचे संताजी जगनाडे जातीने तेलीच होते, आणि वारकरी पंथात त्यांना मिळालेली जागा हा त्या काळच्या रीतीला अपवाद होता. ज्यांना संधी मिळाली, ते घाण्यापासून दूर गेले, यातही नवल नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल ज्यूंचे उदाहरण घ्या. नवगाव, रोहे, पेण, किहीम या टापूत पिढ्यान्‌पिढ्या ते घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत; सोमवारी महादेवासाठी बैल मोकळा ठेवणारे ते सोमवार तेली. अठराव्या शतकात कंपनीच्या पलटणींत जागा मिळू लागल्या, तशी ही मंडळी मुंबईला आली. त्यांच्यातल्याच समाजी हसाजी दिवेकर या सुभेदाराने १७९६ मध्ये मुंबईचे पहिले सिनेगॉग बांधले. घाणा सुटल्याची हळहळ त्यांच्या इतिहासात फारशी दिसत नाही, आणि ती असावी असा आग्रहही कोणी धरू नये. पण माणसे एखादा धंदा आपणहून सोडतात तेव्हा तो धंदा त्या माणसांपुरता बदलतो. गावातून बीच नाहीसे होते तेव्हा धंदा करायला जो राहिला त्याच्याही हाती काही उरत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की इतिहास चुकतो.

जगाचा पहिला धक्का दिव्याला बसला. १८५९ मध्ये पेनसिल्वेनियातल्या टायटसव्हिलला एडविन ड्रेकने विहीर खणून जमिनीतून तेल काढले, आणि काही वर्षांतच अमेरिकेचे रॉकेल लाकडी पेट्यांत, डबाबंद होऊन मुंबई बंदरात उतरू लागले. पाठोपाठ बाकूचे रशियन तेल आले. १८९२ मध्ये मार्कस सॅम्युएलचे 'म्युरेक्स' हे टाकीचे जहाज बाटूमीहून तेल भरून सुएझ कालव्यातून पूर्वेकडे निघाले, तेव्हापासून डब्यांचाही खर्च वाचला. त्यापूर्वी घरात करंजाचे, कोकणात उंडीचे, कुठे एरंडीचे नाहीतर मोहाचे तेल जळायचे. ही खायची तेले नव्हेत. त्यांचे बी रानातून, बांधावरून, नदीकाठच्या झाडांखालून बाया-पोरे गोळा करत, त्याला ना नांगरट ना पेरणी. रॉकेल स्वस्त होते, उजेड जास्त देत होते आणि त्याच्यासाठी वात सारखी पुढे सारावी लागत नव्हती. चिमणीच्या उजेडात शिकलेल्या पिढ्यांना पणतीचे गुणगान ऐकवण्यात अर्थ नाही. मात्र त्यामुळे घाण्याचा दिव्याच्या कडू तेलाचा धंदा बसला आणि तेली एकट्या स्वयंपाकघरावर विसंबून राहिला. एकाच गिऱ्हाइकावर उभा राहिलेला कारागीर पहिल्याच ओढीला पडतो.

ती ओढ रेल्वेने आणली. १८६३ मध्ये बोरघाट चढून गाडी देशावर आली, १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. राली ब्रदर्स, फोल्कार्ट ब्रदर्स अशा युरोपी पेढ्यांचे अडते वऱ्हाड-खानदेशात कापसाबरोबर गळिताचे धान्यही उचलू लागले. तीळ आणि पुढे भुईमूग मार्सेयला जाऊ लागला, तिथल्या तेलगिरण्यांना आणि साबणाच्या कारखान्यांना. नागपूर-विदर्भाकडचा जवस इंग्लंडातल्या हलच्या आणि लंडनच्या गिरण्यांत जाऊन रंग, वार्निश आणि लिनोलियम बनला. लिनोलियम ही जवसाचे तेल घट्ट करून केलेली फरशीवरची चटई, फ्रेडरिक वॉल्टनने १८६०च्या दशकात शोधलेली. हे तेल इथेच काढून पिंपांत भरून का पाठवले नाही, हा साहजिक प्रश्न आहे. पिंपे गळतात आणि तेल खवट होते, हे एक उत्तर दिले जायचे आणि त्यात तथ्य होते. पण दुसरे उत्तर जकातीच्या तक्त्यात होते. युरोपातल्या अनेक देशांनी बी जवळपास मोकळे येऊ दिले आणि तेलावर जकात बसवली. आपल्या गिरण्या चालाव्यात आणि पेंड आपल्या गुरांना मिळावी, हा त्यांचा सरळ हिशेब होता. इंग्लंड-फ्रान्समधल्या दुग्धव्यवसायाला पेंडेचे मोल कळले होते. मुंबईच्या गोदीत जवसाचे पोते चढायचे तेव्हा त्यात तेल तर असायचेच, शिवाय विदर्भातल्या काळ्या मातीचा नत्र-स्फुरदही यॉर्कशायरच्या गोठ्याकडे निघालेला असायचा.

हे आजच्या चष्म्यातून केलेले आरोप आहेत असे कोणी म्हणेल, म्हणून त्याच काळातले साक्षीदार बोलवायला हवेत. डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ. सरकारने त्यांना १८८९ मध्ये हिंदुस्थानची शेती पाहायला पाठवले आणि १८९३ मध्ये त्यांचा अहवाल छापला गेला. गळिताचे धान्य तसेच्या तसे परदेशी पाठवणे म्हणजे जमिनीची सुपीकता पाठवणे, तेल इथे काढून पेंड मागे ठेवावी, हा मुद्दा त्यांनी स्पष्ट मांडला. व्होल्कर कोणी राष्ट्रवादी नव्हते; सरकारी खर्चाने आलेले, खताचा हिशेब जाणणारे गृहस्थ होते. पुढे १९१६ ते १८ या काळात सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली बसलेल्या औद्योगिक आयोगानेही बियाची निर्यात, परदेशी जकातींचा अडसर आणि देशाबाहेर जाणारी पेंड यांची दखल घेतली. अहवाल निघाले, कपाटात गेले. सरकारला गाडीच्या डब्यांचे भाडे मिळत होते आणि विलायतेला द्यायच्या रकमेसाठी निर्यात हवीच होती.

यावर सर्वांत वजनदार हरकत तांत्रिक आहे. बैलाच्या घाण्यात काढलेल्या पेंडेत दहा-बारा टक्के तेल राहून जाते. एक्स्पेलरमध्ये ते सहा-आठ टक्क्यांवर येते, आणि द्रावक वापरून काढले तर एखादा टक्का उरतो. तेलाचा तुटवडा असलेल्या देशाने एवढे तेल गुरांच्या तोंडात का घालावे? हिशेब बरोबर आहे. पेंडेतले ते तेल बैलाच्या अंगी लागते, वाया जात नाही, हे उत्तर दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. गोरगरिबाच्या भाजीला फोडणी नसताना बैलाला तेलकट पेंड मिळणे ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे, आणि गिरणीचे तेल स्वस्त पडले याचा फायदा सर्वांत जास्त गरिबालाच झाला. पण ही हरकत घाणा का मागे पडावा ते सांगते. तो केव्हा आणि कसा मागे पडला, ते सांगत नाही. गावोगावचे घाणे ओसाड पडू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. द्रावकाचे कारखाने इथे उभे राहिले ते स्वातंत्र्यानंतर. मधल्या पन्नास-पाऊणशे वर्षांत घाण्याला हरवले कोणी? यंत्र तर समोर नव्हतेच बहुतेक गावांत. समोर होता बी विकत घेणारा अडत्या.

शेतकऱ्याला रोख पैसा मिळाला, तो का नको, ही दुसरी हरकत. तो हवाच होता. कोरडवाहू रानात भुईमुगाने जो पैसा दिला तो बाजरीने कधी दिला नसता. सातारा, कोल्हापूर, खानदेशातल्या कैक घरांची कर्जे भुईमुगाने फेडली असतील. पण पैशाबरोबर बाजाराची तऱ्हा बदलली. शेतसारा भरण्याचे हप्ते सुगीच्या तोंडावर, म्हणून शेतकऱ्याला माल ताबडतोब विकावा लागे. तो घ्यायला अडत्याच्या हाती पेढीचा पैसा असे, आणि तेल्याच्या हाती काही नसे. १९०० मध्ये मुंबईत गुजराती व्यापारी मंडळी स्थापन झाली आणि भुईमूग, एरंडी यांचे वायदे होऊ लागले. आता पारोळ्याच्या शेंगेचा भाव मुंबईत ठरू लागला आणि मुंबईचा भाव मार्सेय-लंडनकडे पाहून. गांधीजींनी १९३९ मध्ये 'हरिजन'मध्ये झवेरभाई पटेलांच्या पाहणीच्या आधारे घाण्याच्या ऱ्हासाचे कारण दिले, ते हेच. हंगाम संपला की गावात बी उरत नाही. साठा करून ठेवायला तेल्याकडे पैसा नाही, आणि शहरातून विकत आणायला तर नाहीच. घाणे जागेवर आहेत, माणसे आहेत, बैल आहेत, आणि गाळायला काही नाही. गोवर्धनच्या तिलपिषकांकडे लोक ठेवी ठेवत होते. त्यांच्या वारसांना चार पोती तीळ साठवण्याइतकी उधारी मिळेना.

गंमत अशी की निदान इतके अचूक असून उपचार भलत्याच जागी झाला. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, जमनालाल बजाजांनी वर्ध्याला दिलेल्या बागेत मगनवाडी उभी राहिली, जे. सी. कुमारप्पांनी कारभार पाहिला, आणि झवेरभाईंनी घाण्याच्या उखळाचा, लाटेचा, वजनाचा बारीक अभ्यास करून सुधारलेला घाणा तयार केला. वर्धा घाणी म्हणून तो देशभर गेला, आणि एका घाण्यात जास्त बी, कमी वेळात, जास्त तेल ही त्याची करामत खरीच होती. स्वातंत्र्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेत खायचे तेल घाण्यांनी काढावे आणि अखाद्य तेल गिरण्यांनी, असा विचारही मांडला गेला. खादी-ग्रामोद्योगाने घाण्यांना अनुदाने दिली. पण हंगामात बी विकत घेऊन वर्षभर तेल्याला पुरवणारी कोठारे गावोगाव उभी राहिली नाहीत. सुधारलेला घाणाही बियावाचून तितकाच रिकामा राहतो. तिकडे मुंबईत शिवडीला हिंदुस्थान वनस्पतीचा कारखाना १९३२ मध्येच सुरू झाला होता आणि १९३७ पासून डालडाचे पिवळे डबे बाजारात होते. त्या कारखान्याला बियाची चिंता नव्हती, कारण त्याच्यामागे लिव्हरसारख्या जगभर पसरलेल्या कंपनीचा पैसा होता. भांडवल आणि साठा, हीच ती दोन जुनी हत्यारे.

बी पिकते तिथेच गाळले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण खानदेशातच सापडते. १९४५च्या डिसेंबरात मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. आसपास भुईमूग मुबलक, रेल्वे हाताशी, आणि कारखाना गावाच्या सीमेवर. सनफ्लॉवर नावाचे वनस्पती तूप आणि ७८७ हा कपडे धुण्याचा साबण ही तिची सुरुवातीची ओळख. गावातल्या अनेकांनी शेअर घेतले. पुढे त्या नावाची आद्याक्षरे जुळून विप्रो झाली आणि संगणकाच्या धंद्याने मूळ झाकून गेले, पण त्या धंद्याचे पहिले भांडवल शेंगदाण्यातून आले होते. इथे बैल नव्हता, लाट नव्हती, तेली जातीचा मालकही नव्हता. कोणाला हे घाण्याच्या वारशात बसवणे खटकेल. वारसा यंत्राच्या आकाराने मोजायचा असेल तर ते खटकणे रास्त आहे. बी, भांडवल आणि पेंड एका जागी असणे हा वारसा मानला, तर अमळनेरचा तो कारखाना पाटण्याच्या घाण्यांच्या जास्त जवळचा ठरतो.

आजच्या जगात तेलाचा जोर कोणाकडे आहे, हे पाहिले तर जुना हिशेब अजून लागू असल्याचे दिसते. अर्जेंटिनाने वर्षानुवर्षे सोयाबीनच्या निर्यातीवर कर जास्त आणि सोयातेल-पेंडेवर कमी ठेवला. त्यातून रोसारिओच्या आसपास जगातल्या सर्वांत मोठ्या गाळप उद्योगांपैकी एक उभा राहिला. एकोणिसाव्या शतकात बी विकणाऱ्या मुंबईला जे करू दिले गेले नाही, ते त्यांनी केले. इंडोनेशियाने २०२२च्या एप्रिलअखेर पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली आणि त्याच वर्षी युक्रेनमधल्या युद्धाने सूर्यफुलाचे तेल अडले, तेव्हा नांदेडपासून सावंतवाडीपर्यंत किराणा दुकानात त्याचा भाव दिसला. आपल्याकडे १९८६च्या तेलबिया तंत्रज्ञान मोहिमेने काही वर्षांत देशाला जवळजवळ स्वयंपूर्ण केले होते. नव्वदीच्या मध्यावर आयात खुली झाली आणि ते यश ओसरले. मराठवाडा-विदर्भात सोयाबीन वाढले. त्याच्यात तेल जेमतेम अठरा-वीस टक्के, उरलेली बहुतेक पेंडच, आणि तिचा मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्याला किंवा परदेशी जातो. करडई, जवस, कारळे या ज्या पिकांनी इथल्या कोरडवाहू रानाला शतकानुशतके तेल आणि पेंड दोन्ही दिले, ती या पिकाने मागे रेटली. सोलापूरला करडईचे संशोधन होते, चांगली वाणे आहेत, पण काटेरी पीक कापायला मजूर मिळत नाही आणि हमीभाव हाती पडेलच असे नाही.

शहरांत आता लाकडी घाण्याच्या तेलाची दुकाने निघाली आहेत. विजेवर फिरणारी लाकडी लाट, काचेच्या बाटल्या, गिरणीच्या तेलाहून कितीतरी जास्त भाव. तेल चांगले असते, वासाचे असते; घेणाऱ्याने खुशाल घ्यावे. पण त्याला परंपरेचे पुनरुज्जीवन म्हणायचे असेल तर मालकाला दोन प्रश्न विचारायला हरकत नाही: बी कुठून आणले आणि पेंड कुठे दिली? पुष्कळदा शेंगदाणे गुजरातेतून आलेले असतात, आणि पेंड पोत्यात भरून ठोक व्यापाऱ्याकडे जाते. जिथे आसपासच्या शेतकऱ्यांची करडई-जवस घेतली जाते आणि पेंड त्यांच्याच गोठ्यात परत जाते, असेही घाणे आहेत. ते थोडे आहेत, आणि परंपरा हे नाव त्यांनाच शोभते. ग्रामपंचायतींनी वेशीजवळ पडलेली जुनी दगडी उखळे नोंदवून ठेवावीत, तेली समाजाच्या संस्थांनी आपल्या घरांतल्या जुन्या वह्या आणि देण्याघेण्याचे कागद जपावेत. पाटण्याचा लेख दगडावर होता म्हणून उरला, वह्या तशा उरणार नाहीत. बाकी देशाचा हिशेब उघड आहे. भारत वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास खाद्यतेल बाहेरून आणतो, गरजेच्या निम्म्याहून जास्त. त्यातले सर्वाधिक पामतेल असते, आणि त्याच्याबरोबर पेंडेचे एक पोतेही येत नाही.